काहीच नव्हते तेव्हाचा खडकवासला

१३ जुलै १९६१ ची सकाळ. तुम्ही खडकवासल्याच्या दक्षिण काठावर उभे आहात आणि समोर तलाव नाही.

काल सकाळपर्यंत होता. वरच्या अंगाला अंबी नदीवर बांधत आणलेल्या पानशेतच्या मातीच्या धरणाला पहिल्याच पावसाळ्याचे पाणी पेलले नाही. ते फुटले, लोंढा खाली या जुन्या दगडी भिंतीवर येऊन आदळला, भिंतीला खिंडार पडले आणि मुठेच्या पात्रात मावणार नाही इतके पाणी पुण्यात शिरले. नदीकाठच्या पेठा बुडाल्या, पूल बुडाले, वाडे बसले. आज त्याच शहरात प्यायला पाणी नाही. लोक जुन्या हौदांकडे आणि वाड्यांतल्या आडांकडे वळले आहेत. इथे वर मात्र विलक्षण शांतता आहे. जिथे लाटा असायच्या तिथे काळा ओला गाळ चकाकतो आहे, आणि त्याच्या मधोमध एक अरुंद नदी, जणू मधली ऐंशी वर्षे झालीच नाहीत अशी, आपल्या मूळ वळणाने चालली आहे.

काठावर एक म्हातारे गृहस्थ उकिडवे बसले आहेत. तुमच्याकडे न पाहता ते म्हणतात, "काही राहिलं नाही बघा." थोड्या वेळाने हात लांब करून दाखवतात, "पाणी पार त्या झाडापर्यंत असायचं."

तुम्ही इथे एका प्रश्नासाठी आला आहात. मुळात काहीतरी का आहे? काहीच नसते तर काय बिघडले असते? गॉटफ्रीड लाइबनिट्झ या जर्मन तत्त्वज्ञाने १७१४ साली हा प्रश्न नेमक्या शब्दांत मांडला आणि त्याला एक बोचरी पुस्ती जोडली: काही असण्यापेक्षा काहीच नसणे जास्त सोपे, जास्त सरळ आहे. नसण्याला कारण लागत नाही, असण्याला लागते. मग एवढे सगळे कशाला?

हा प्रश्न मनात आला की माणूस आकाशाकडे बघतो. माझ्या मते आधी या गाळाकडे बघावे. 'नाही' कसे दिसते ते पाहायला इतकी चांगली जागा पुण्याच्या परिसरात दुसरी नाही. शिवाय इथे 'का' या शब्दाच्या दोन जाती वेगळ्या होतात. तलाव का नाही, याला उत्तर आहे. लवकरच चौकशी आयोग बसेल, कागद तपासले जातील, पानशेतच्या बांधकामातली घाई आणि उणिवा पुढे येतील, आणि प्रत्येक कारणामागे दुसरे कारण उभे राहील. याच परिसरात, धरणाच्या खाली, पाण्याच्या वागण्याचा अभ्यास करणारी केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. नद्यांच्या आणि धरणांच्या लहान प्रतिकृती करून त्यांतून पाणी सोडायचे आणि मोजायचे हे तिचे काम. पाणी असे का वागले, हे ती सांगू शकते. पाणी मुळात का आहे, हे विचारायला तिच्याकडे जाता येत नाही. ते तिचे कामच नव्हे.

तेव्हा तुम्ही ठरवता: मागे जायचे. जागा सोडायची नाही, फक्त काळ सोडत जायचा. कोणत्या तरी टप्प्यावर काहीच नव्हते असा क्षण लागेल. तो लागला की त्याच्या पुढच्या क्षणाकडे पाहायचे आणि काय झाले ते टिपायचे. जयंत नारळीकरांनी मराठी वाचकाला काळाच्या असल्या उड्यांची सवय लावलेली आहे. पानिपतावरच्या त्यांच्या कथेतले गंगाधरपंत तर इतिहासाच्या वेगळ्याच फाट्यावर जाऊन परत आले. तुम्हाला फक्त सरळ मागे जायचे आहे.

पहिली उडी नव्वदएक वर्षांची. १८७० चे दशक. कानांवर पहिल्यांदा येतो तो छिन्नीचा आवाज, शेकडो छिन्न्यांचा. काळा पाषाण फोडला जातो आहे, चुन्याच्या घाणीभोवती बैल फिरत आहेत, डोक्यांवरून पाट्या चालल्या आहेत. फाईफ नावाच्या लष्करी इंजिनिअरने आखलेले हे काम. पुढे या तलावाला त्याचेच नाव दिले जाईल. पुण्याच्या आणि खडकीच्या छावणीला पाणी हवे आहे, पूर्वेच्या कोरड्या मुलखाला कालवा हवा आहे. भिंत अजून कमरेएवढीही नाही. पाटी खाली ठेवून घाम पुसणाऱ्या एका बाईला तुम्ही विचारता, "मावशी, हे धरण बांधायच्या आधी इथं काय होतं?"

"काय न्हवतं, बाबा," ती म्हणते. "रान हुतं. नदी हुती. पल्याड चार घरं हुती."

हे उत्तर नीट ऐका, कारण पुढे लाखो वर्षे मागे गेल्यावरही तुम्हाला याच घडणीची उत्तरे मिळणार आहेत. काही नव्हते, आणि लगेच, रान होते. मघाशी म्हातारबाबांनीही तेच केले: काही राहिले नाही म्हणाले आणि पाणी कुठवर होते ते दाखवले. ही बोलण्यातली ढिलाई नव्हे. आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, याच जागेवर बोट ठेवून शतकानुशतके काम केले आहे. त्यांच्या मते अभाव हा मोकळा, बिनचेहऱ्याचा कधीच नसतो. तो कशाचा तरी अभाव असतो, आणि ज्याचा तो अभाव त्याला प्रतियोगी म्हणतात. प्रतियोगी काढून घेतला तर अभावाबद्दल बोलायलाच काही उरत नाही. कणादांच्या जुन्या यादीत सहा पदार्थ, म्हणजे जगातल्या बाबींचे सहा वर्ग, होते. पुढच्या आचार्यांना अभाव हा सातवा पदार्थ मानावा लागला, म्हणजे 'नाही' हीसुद्धा जगातली एक खरी बाब आहे हे त्यांनी कबूल केले, पण ती कुणाच्या तरी नावानेच. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' पाठशाळेतल्या पोरांना हेच शिकवायचा. आठल्ये आणि बोडस या मराठी पंडितांमुळे १८९७ साली मुंबईत त्याची साक्षेपी आवृत्तीही निघाली.

त्यांनी अभावाचे चार प्रकार केले. त्यांतल्या दोघांच्या मधोमध तुम्ही आता उभे आहात. तलाव अजून व्हायचा आहे, हा त्याचा प्रागभाव: याला सुरुवात नाही, पण शेवट आहे, कारण तलाव भरला की तो संपतो. आणि १९६१ च्या सकाळी जो पाहिलात तो प्रध्वंसाभाव: याला सुरुवात आहे, ती १२ जुलैला झाली, पण शेवट नाही. भिंत पुन्हा बांधली जाईल, पाणी पुन्हा साठेल, पण ते पाणी दुसरे. वाहून गेलेला तलाव गेला तो कायमचा. ही शेवट नसलेली गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पुढच्या उड्या भराभर घ्या. सिंहगडावर मशाली दिसतात आणि विझतात. तटबंदी नाहीशी होते, मग शेते विरळ होतात, मग नांगर नाही. फक्त तेराव्या शतकाच्या अखेरीस क्षणभर थांबा, कारण इथून फार लांब नसलेल्या नेवाशाला एक तरुण आहे, ज्याने शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, गीतेवरची आपली टीका पुरी केली. त्यानंतरच्या 'अमृतानुभवा'त ज्ञानेश्वर शून्यवाद्यांशी वाद घालतात. सगळे शून्य आहे असे म्हणायचे तर त्या शून्याला जाणणारे कोणीतरी मान्य करावे लागते. तेही नाही म्हटले तर 'शून्य आहे' हे कळले कुणाला, असा त्यांचा रोख आहे. नैयायिक विचारतात, कशाचा अभाव? ज्ञानेश्वर विचारतात, कुणाला दिसलेला अभाव? दोन वाटांनी दोघे एकाच खिंडीत येतात. दोघांनाही निखळ, कशाचेही नसलेले, कुणालाही न दिसलेले 'नाही' मान्य नाही. तुम्ही मात्र ते शोधायलाच निघाला आहात. चला.

६ कोटी ६० लाख वर्षे मागे. इथे उभे राहणे अवघड आहे. पायाखालचा काळा पाषाण अजून पाषाण झालेला नाही. तो तांबडा, दाट, सुरकुतत पसरतो आहे. जमिनीला लांबलचक भेगा पडून लाव्हा येतो, थंड होतो, त्यावर माती धरते, एखादे जंगल उगवण्याइतका काळ जातो, आणि पुन्हा नवा थर येतो. सिंहगड चढताना ज्या पायऱ्या-पायऱ्यांचे डोंगर तुम्ही पाहता ते हे थर, आणि मधूनच दिसणारे लाल पट्टे म्हणजे त्या मधल्या काळातली भाजून निघालेली माती. आणखी एक गोष्ट इथे कळते. जागा सोडायची नाही असे तुम्ही ठरवले होते, पण जागेने तुम्हाला सोडले आहे: भारताचा तुकडा या वेळी विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे आणि उत्तरेकडे सरकतो आहे. डोक्यावरचे तारे पुण्याचे नाहीत.

थंड होणाऱ्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकतात. दगड घट्ट होतो आणि बुडबुड्याच्या जागी पोकळी राहते. नंतर लाखो वर्षे त्यातून पाणी झिरपते आणि आतल्या भिंतींवर स्फटिक धरतात: स्टिल्बाइट, अपोफिलाइट, आणि वाघोलीच्या खाणींतला तो निळाशार कॅव्हनसाइट, जो पाहायला जगभरचे संग्राहक येतात. एखादी अशी फोडलेली गारगोटी हातात घेऊन बघा. तिथेही पोकळी रिकामी कधीच नव्हती. आधी वायू होता, मग पाणी होते, मग स्फटिक.

लाव्ह्याच्याही खाली जा. कोयनेच्या परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल विवरे खणली तेव्हा सुमारे ९३० मीटर बेसॉल्टनंतर थेट ग्रॅनाइटजातीचा फार प्राचीन पाया लागला. दख्खनखाली दुसरे काही असेल, एखादा समुद्र, एखादी दरी, अशी तुमची आशा असेल तर ती इथे मावळते. खाली दगडच आहे, जास्त जुना.

४५० कोटी वर्षांच्या पलीकडे पृथ्वीच नाही. आता खडकवासला म्हणजे काय? सूर्याभोवती जमू पाहणारी धूळ आणि वायू, त्यांतले काही कण. कोणते, हेही निश्चित सांगता येते. त्या तलावातले एक लिटर पाणी घ्या: त्यात सुमारे ११२ ग्रॅम हायड्रोजन आणि ८८८ ग्रॅम ऑक्सिजन असतो. ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटात शिजला. ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्ये कशी तयार होतात हे १९५७ च्या एका गाजलेल्या निबंधात मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉयल यांनी मांडले. आणखी मागे गेलात की ते तारेही विझतात, म्हणजे पेटायचे राहतात, आणि ऑक्सिजन संपतो. पाण्यातला हायड्रोजन मात्र तुमच्याबरोबर मागे येत राहतो. नारायणगावजवळ खोडदला जी तीस अवाढव्य रेडिओ दुर्बिणींची मांडणी गोविंद स्वरूप यांनी उभी केली, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, तिचे एक मोठे काम दूरच्या, म्हणजे जुन्या, हायड्रोजनची हलकी कुजबुज ऐकणे हेच आहे. तुमच्या ओंजळीतल्या हायड्रोजनचे गाभे तिथल्या कुठल्याही दीर्घिकेपेक्षा वयाने मोठे आहेत.

१३८० कोटी वर्षांच्या कडेला पोचता पोचता 'जागा' हा शब्द आणखी एकदा बदलतो. महास्फोट अवकाशात कुठेतरी झाला नाही. सगळे अवकाशच तेव्हा दाटलेले होते. म्हणून तो खडकवासल्यात झाला असे म्हटले तर ते अक्षरशः खरे आहे, आणि कोल्हापुरात किंवा देवयानी दीर्घिकेत झाला हेही तितकेच खरे. तेव्हा तुम्ही योग्य ठिकाणी आहात.

सुरुवातीपासून ३ लाख ८० हजार वर्षांवर धुके दाटते: अणू सुटे होतात, प्रकाश अडकतो. तीन मिनिटांच्याही आधी हेलियमचे गाभेही नाहीत. आणि पहिल्या सेकंदाच्या एका लहानशा अंशात तुम्हाला या प्रवासातले सर्वांत हादरवणारे दृश्य दिसते. इथे द्रव्य आणि प्रतिद्रव्य जवळपास समसमान आहे. कण आणि प्रतिकण भेटतात, दोघे नष्ट होतात, प्रकाश उरतो. हिशेब नेमका जुळला असता तर सगळे प्रकाशात विरून गेले असते. तारे नाहीत, दगड नाहीत, मुठा नाही. पण हिशेब किंचित चुकला. ढोबळमानाने दर शंभर कोटी प्रतिकणांमागे शंभर कोटी आणि एक असे कण होते. जोड्या संपल्या आणि तो एकेक उरला. जे काही पाहता, शिवता, ते सगळे त्या उरलेल्या एकांचे आहे. याची साक्ष आजही आहे: विश्वात दर प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागे दीडशे कोटींहून अधिक प्रकाशकण आहेत, आणि तुमच्या आसपासच्या दर घनसेंटिमीटरमध्ये त्या जुन्या उजेडाचे सुमारे ४१० कण या क्षणी फिरत आहेत.

हा एक का उरला? आंद्रेई साखारोव यांनी १९६७ साली त्यासाठी कोणत्या अटी पुऱ्या व्हायला हव्यात ते सांगितले. द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्या वागण्यातला थोडा फरक प्रयोगशाळेत दिसलाही आहे, पण एवढे जग उरवायला तो पुरत नाही. हा प्रश्न सुटलेला नाही, आणि मला तो फार जिव्हाळ्याचा वाटतो, कारण 'काही का आहे' या अफाट प्रश्नाचा हा असा तुकडा आहे ज्यावर माणसे सकाळी कामाला जाऊन खरोखर काम करू शकतात. तरीही तो तुकडाच. द्रव्य विरले असते तरी प्रकाश उरलाच असता. तेही 'काहीच नाही' नव्हे.

आणखी मागे. सेकंदाच्या इतक्या लहान अंशावर, की दशांशचिन्हानंतर बेचाळीस शून्ये आणि मग एक लिहावा लागतो, आपले भौतिकशास्त्र थांबते. अलेक्झांडर विलेंकिन यांनी १९८२ मध्ये विश्व शून्यातून उद्भवू शकते असे गणित मांडले. ते गणित देखणे आहे, पण त्यातल्या शून्याकडे जवळून पाहा. अवकाश नाही, काळ नाही, कण नाहीत. पुंजयामिकीचे नियम मात्र आहेत. त्या नियमांना जे लागू पडते तेच घडते. म्हणजे इथेही कोणीतरी आधी येऊन बसले आहे. धरणाच्या पायथ्याशी पाटी ठेवणाऱ्या त्या मावशींच्याच घडणीचे हे उत्तर: काही नव्हते, नियम होते.

छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, हेच ठणकावून विचारतो. काही जण म्हणतात की आरंभी असत् होते आणि त्यातून सत् झाले; पण बाळा, असतातून सत् होईल कसे? त्याचा निष्कर्ष, आरंभी सत्‌च होते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले १२९ वे सूक्त, म्हणजे १९८८ पासून दूरदर्शनवरच्या 'भारत एक खोज'च्या सुरुवातीला ज्याचे हिंदी रूप घरोघरी घुमायचे ते, याहून धाडसी आहे. तेव्हा असत् नव्हते आणि सत्‌ही नव्हते, असे म्हणून ते कोड्याची दोन्ही टोके सोडून देते, आणि शेवटी वरच्या आकाशातल्या अध्यक्षालाही हे ठाऊक असेल की नाही, अशी शंका घेते. मला उद्दालकाचा तर्क पटतो, पण त्या ऋषीची शंका अधिक खरी वाटते.

मग काय, सुरुवातच नसली तर? हा पर्याय पुण्याने फार जवळून पाहिलेला आहे. कोल्हापुरात जन्मलेले, बनारसला वाढलेले जयंत नारळीकर केंब्रिजला हॉयल यांचे विद्यार्थी झाले. हॉयल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या स्थिरस्थिती सिद्धांतात विश्वाला आदी नाही, अंत नाही. ते प्रसरण पावते आणि मधल्या जागेत सावकाश नवे द्रव्य निर्माण होत राहते. 'महास्फोट' हे नाव हॉयल यांनीच रेडिओवरच्या एका भाषणात प्रतिपक्षाला दिले होते. नव्या द्रव्याच्या हिशेबासाठी हॉयल आणि नारळीकर यांनी ऋण ऊर्जेचे एक क्षेत्र मांडले, म्हणजे काही नसताना काही आले असे म्हणायची पाळी येऊ नये: एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. १९६५ साली सर्व दिशांनी येणारा तो जुना उजेड सापडल्याचे जाहीर झाले आणि बहुतेकांनी हा सिद्धांत सोडला. नारळीकरांनी सोडला नाही. आयुका या पुण्यातल्या संस्थेची उभारणी करत असतानाच, १९९३ मध्ये, हॉयल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी त्याचे नवे रूप मांडले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पुरावा त्यांच्या बाजूने नव्हता असे मलाही वाटते. पण अवघे जग एका बाजूला असताना एका माणसाने जवळजवळ सहा दशके 'आरंभ होता हे गृहीत का धरता?' असे विचारत राहावे, याचे मोल मी फार मानतो. ते विचारणे थांबले असते तर महास्फोटाचे समर्थक आळसावले असते.

समजा, ते बरोबर होते. तुम्ही मागे जात राहता आणि कड लागतच नाही. नेहमीच काहीतरी होते. प्रश्न सुटला का? लाइबनिट्झने १६९७ मध्येच याला उत्तर देऊन ठेवले होते. भूमितीचा एक ग्रंथ अनादी काळापासून आहे असे धरा, प्रत्येक प्रत आधीच्या प्रतीवरून उतरवलेली. या प्रतीला ते शब्द कुठून मिळाले, याचे उत्तर प्रत्येक वेळी मिळेल. पण असा ग्रंथ मुळात का आहे, याचे उत्तर मागच्या कितीही प्रती मोजून मिळणार नाही. म्हणजे अनादी विश्वातही प्रश्न जसाच्या तसा उभा, आणि आरंभ असलेल्या विश्वातही. तो आरंभाशी नाहीच. तुम्ही १३८० कोटी वर्षे मागे आलात ते चुकीच्या पत्त्यावर. 'का आहे' हा प्रश्न खडकवासल्याच्या तलावाला जितका लागू आहे तितकाच पहिल्या सेकंदाला. कालच्या कारणाने आजचे असणे पुढे ढकलले जाते, समजावून दिले जात नाही.

आता दिशा बदला. मागे शून्य सापडले नाही. पुढे सापडते का पाहा.

साधारण शंभर कोटी वर्षांत सूर्य इतका तापतो की पृथ्वीवर पाणी टिकत नाही. मुठा आटते, समुद्रही. पाचशे कोटींच्या पुढे सूर्य फुगतो आणि मावळतो. शंभर लाख कोटी वर्षांच्या सुमारास शेवटचे तारेही विझत येतात. मग उरते ते थंड द्रव्य, आणि ते कायमचे आहे का, हेही विचारून झाले आहे: १९८० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ जपानी सहकाऱ्यांबरोबर कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, लोखंडाचा ढीग रचून एखादा प्रोटॉन मोडतो का याची वाट पाहत बसले होते. निर्विवाद मोडलेला एकही मिळाला नाही. पुढच्या, मोठ्या प्रयोगांवरून आज सांगता येते की प्रोटॉन मोडत असलाच तर त्याचे सरासरी आयुष्य एकावर चौतीस शून्ये इतक्या वर्षांहून जास्त आहे. मोडतोच असे धरा, आणि तेवढे पुढे जा. आता जवळ कण नाही, उजेड म्हणावा असा उजेड नाही. तुम्ही ज्यासाठी निघालात त्याच्या हे सर्वांत जवळचे आहे.

पण इथे नैयायिकांची ती लक्षात ठेवलेली गोष्ट काढा. प्रध्वंसाभावाला शेवट नसतो. या अंधाराला प्रतियोगी आहेत. हा नुसता अभाव नाही. हा मुठेचा अभाव आहे, फाईफच्या भिंतीचा, त्या म्हाताऱ्याच्या झाडाचा, शंभर कोटींमागे उरलेल्या त्या एकाचा. हे सगळे होऊन गेले, ही गोष्ट आता कशानेही न झालेली होणार नाही. एकदा काहीही असले की निखळ 'काहीच नाही' कायमचे हातचे जाते. उरतो एकच प्रकार, सर्वाचा अत्यंताभाव: कधीच, कुठेच, काहीच नसणे. तो शक्य होता का? शक्य होता, तर तोच का नाही?

बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ मध्ये बीबीसीवर फादर कोपलस्टन यांच्याशी वाद घालताना या प्रश्नापुढे दार लावून घेतले: विश्व आहे, बस्स, एवढेच. कोपलस्टन यांनी ईश्वराकडे बोट दाखवले, लाइबनिट्झप्रमाणेच, जो स्वतःच्याच स्वभावाने असतो आणि ज्याला कारण लागत नाही. नैयायिकही म्हणतील की ज्याला प्रतियोगी ठरवता येत नाही असल्या 'सर्वाच्या नसण्या'बद्दल वाक्यच करू नका. तिन्ही उत्तरांना मी मान देतो. पण वाक्य करता येत नाही म्हणून ती गोष्ट शक्य नव्हती, हे सिद्ध होत नाही. आणि स्वतःच्या स्वभावाने असणारा कोणी आहे म्हटले, तर असा स्वभाव आहेच का, हा प्रश्न त्याच्याही दाराशी जातो. राहता राहिले रसेल. ते म्हणतात तसे थांबणे चौपाटीवर गरम भजी खाताना सोपे असते. ते इथे, सगळे होऊन गेल्यानंतरच्या या काळात उभे राहून म्हणता येते का, ते तुम्ही पाहा: होते, बस्स, एवढेच. मला म्हणवत नाही.